भोपाळला थांबलेली माणसं

आमच्या माडीवरून रोज सकाळी दिल्लीला विमान सुटायचं. हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात, मग माझ्या बायकोच्या. ती मान हलवते. "सुटायचं," म्हणते. मग लोक गप्प बसतात, कारण ती खोटं बोलत नाही हे गल्लीला माहीत आहे. माझ्याबद्दल गल्लीचं काय मत आहे ते मी कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. आमची मूळची मेंढरं, फर्दापूरच्या डोंगराला. पुढं मेंढरं गेली, मी शहरात आलो, कंपनीत ओझी उचलली आणि चिकलठाण्याच्या विमानतळाच्या अलीकडं एक प्लॉट घेतला. तेव्हा लोक हसले होते. म्हणाले, येडं रानात घर बांधतंय. आता त्या रानात बंगले झाले, दवाखाने झाले, मोटार लावायला जागा नाही. हसणारे आज भाड्यानं राहतात. असो. त्या घराच्या माडीवर एक भाडेकरू होता, त्याचं मला सांगायचं आहे.

तो बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. म्हणजे खिडकीत बसून माईकवर बोलणारा माणूस. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती सुटणार, कोणती उशिरा येणार, हे सगळं त्याच्या तोंडून. अवघी नोकरी त्यानं गाड्या सोडण्यात काढली. रिटायर झाला, बायको आधीच वारली होती, मुलगी लांब दिलेली, तेव्हा एक ट्रंक आणि एक कॉम्प्युटर घेऊन आमच्याकडं आला. सगळे त्याला कंट्रोलर म्हणायचे. मीही तेच म्हणायचो. तो मला मालक म्हणायचा.

पहिल्याच सकाळी वरून आवाज आला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. दिल्लीकडे जाणारी विनाथांबा गाडी फलाटाला लागलेली आहे." मी चूळ भरत होतो. तसाच वर गेलो. बघतो तर खोलीत माणूस एकटा, अंगात इस्त्रीची खाकी पँट, तोंडापुढं माईक, आणि कॉम्प्युटरवर विमान उभं.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो.

"दिल्ली लागलीय," तो म्हणाला. "बसायचं का?"

आता ही भानगड काय होती ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कॉम्प्युटरमध्ये विमान चालवायचा एक प्रोग्राम असतो. खेळच, पण खेळ म्हटलं की कंट्रोलर तोंड फिरवून बसायचा. खऱ्या विमानात जितकी बटणं तितकी त्यात. खरी गावं, खरे विमानतळ, आणि दिल्लीला जायला खऱ्या विमानाला जितका वेळ लागतो तितकाच. ह्याचं वेड असलेले लोक जगभर आहेत, आणि त्यांनी आपापसात कंपन्या काढल्या आहेत. कंपनीला नाव असतं, टाइमटेबल असतं, पायलट असतात. पगार नसतो आणि विमानही नसतं. पायलट आपल्या घरी बसून फेरी मारतो, ती फेरी कंपनीच्या वेबसाइटवर जमा होते. तशी एक कंपनी ह्यानं नोकरीत असतानाच काढली होती. औरंगपुऱ्यात एक इंटरनेटचं दुकान होतं, तिथं ड्युटी सुटली की खाकीतच जाऊन बसायचा. कंपनीचं नाव खाम एअरवेज.

"खाम?" मी म्हणालो. "नाल्याचं नाव दिलं व्हय विमानाला?"

"नदी हाय ती," तो म्हणाला.

"पाणी कुठंय तिच्यात?"

"म्हणून तर नाव वर नेलं. खाली काय ठेवलंय?"

असा माणूस. बोलायला कमी, आणि बोलला की समोरच्याला पुढचं सुचू नये असं.

विमानाची कंपनी काढली, पण ती चालवायला त्याच्याकडं अक्कल होती ती स्टँडची. त्यामुळं खाम एअरवेज हा एक डेपोच होता. पायलटला तो पायलट म्हणत नसे, चालक म्हणायचा. रात्री परगावी राहणाऱ्या विमानाला मुक्कामी गाडी. विमान सुटताना डाव्या हाताला ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचा, ती डबल बेल. चालकांमध्ये सोलापूरचा एक दाताचा डॉक्टर होता, आखातात क्रेन चालवणारा एक मल्याळी होता आणि जर्मनीतला एक पोस्टमन होता. त्या पोस्टमनला बाकी मराठी शून्य, पण डबल बेल आणि मुक्काम हे दोन शब्द त्यानं पाठ केले होते. कानाला यंत्र लावून बोलताना म्हणायचा, "कंट्रोलर, मुक्काम मुंबई." ते ऐकून माझी बायको खालून हसायची.

दारावर त्यानं पाटी लावली होती, 'खाम एअरवेज, मुख्य कार्यालय'. त्या पाटीनं मला लई ताप दिला. एकदा सासुरवाडीकडचा एक पाव्हणा धुतलेली कापडं घालून, पोराची सर्टिफिकिटं घेऊन आला. म्हणाला, "दाजी, तुमच्या माडीवर विमानाचं हापिस हाय म्हणं. पोराला चिटकवा कुठंतरी. सामान उचलील." मी म्हणालो, सामान नाय रे बाबा, विमानच नाय. त्याचा विश्वास बसेना. जाताना म्हणाला, शहरात गेलं की माणूस नात्याला विसरतो. आता ह्याला काय म्हणायचं?

एकदा मी कंट्रोलरला विचारलं, "तुम्ही खऱ्या विमानात बसलात का कधी?"

"नाय."

"काहून? डोक्यावरनं जातंय रोज."

"कंट्रोलर गाडीत बसत नसतो, मालक. कंट्रोलर गाडी सोडतो."

पण त्याचा खरा हट्ट वेगळाच होता, आणि तो मला कळला लाइट गेल्यावर. त्या वर्षांत लाइटचं काही खरं नव्हतं. पाऊसही नव्हता. जायकवाडी आटत चालली होती, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि वेळापत्रक सोडून लाइट जायची. एकदा जर्मनीचा पोस्टमन दिल्लीहून आपल्याकडं विमान आणत होता आणि आपल्याकडची लाइट गेली. म्हणजे कंपनीचा कॉम्प्युटरच मेला, फेरी तुटली. विमान कुठं होतं? इंदूरवर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेली तर गेली, उद्या नवी मारू. जगातल्या सगळ्या अशा कंपन्या तेच करतात. कंट्रोलरनं लाइट आल्यावर वेबसाइटवर लिहिलं, 'गाडी इंदूर मुक्कामी नादुरुस्त. प्रवासी इंदूरला.' आणि दुसऱ्या दिवशीच्या विनाथांबा गाडीला इंदूरचा थांबा दिला.

सोलापूरच्या डॉक्टरनं फोन केला. मी तेव्हा लाइटबिलाचं भांडायला वर गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"सर, इंदूरला कशाला उतरायचं?"

"माणसं घ्यायला."

"कुठली माणसं?"

"कालची. गाडी रस्त्यात बंद पडली की मागची गाडी माणसं घेते. तू कधी लाल गाडीत बसला नाय का, डॉक्टर?"

"सर, पण ते प्रवासी प्रोग्रामनं भरलेले असतात. आकडा असतो नुसता."

"मग कालपासून तो आकडा कुठं गेला?"

 शेवटी डॉक्टर म्हणाला, "बरं सर, उतरतो." पोस्टमनला मात्र काहीच सांगावं लागलं नाही. तो पत्रं वाटणारा माणूस. अर्ध्या वाटेत राहिलेलं पोचवायचं असतं, हे त्याला कळत होतं.

मी कंट्रोलरला म्हणालो, "अवो, माणसंच नायती तर एवढं काय?"

"तिकीट फाडलं की माणूस आपला," तो म्हणाला. "मग तो उतरेपर्यंत आपला."

मला वाटलं, ह्याच्या मनात काही जुनं असेल, कधी कुठं माणसं राहिली असतील रस्त्यात. विचारलं तसं. तो म्हणाला, "काय नाय झालेलं. व्हायला पायजे का काही? नियम हाय."

दुष्काळाचं दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट गेलं. गल्लीत टँकर यायचा, त्याची वेळ कुणालाच माहीत नसायची. टँकरचा हॉर्न झाला की बाया घागरी घेऊन पळायच्या, पोरं ड्रम गडगडत न्यायची. एकदा हॉर्न झाला आणि माझी बायको जिन्याखालून ओरडली, "कंट्रोलर भाऊ, टँकर आला! ड्रम घेऊन या!"

वरून आवाज आला, "वहिनी, इंदूर सोडलंय. आता खुर्चीवरनं उठता येत नाय. माणसं हायेत."

"अवो पाणी चाललंय!"

"जाऊ द्या."

मी म्हणालो, मरू दे. खोट्या माणसांपायी खरं पाणी सोडतो, तहान लागली की कळेल. बायकोनं माझं ऐकलं नाही. ती वर गेली, त्याचा ड्रम खाली आणला आणि भरला. मी भरला नाही, हे सांगून ठेवतो. मी फक्त पाइप धरला.

त्याच सुमारास त्याची कंपनीही आटायला लागली. मल्याळी माणूस गावी परत गेला आणि संसारात गुंतला. पोस्टमन वारला. त्याच्या बायकोनं इंग्रजीत कळवलं, डॉक्टरनं वाचून दाखवलं. त्या दिवशी कंट्रोलरनं सगळ्या फेऱ्या वेळेवर सोडल्या, फक्त माईकवर बोलला नाही. चमचा वाजवून सोडल्या. मग राहिला एक डॉक्टर. आणि बंगळूरकडची एक मोठी खोटी कंपनी, म्हणजे अशीच, विमान नसलेली, पण शेकड्यानं पायलट असलेली, ती म्हणाली, तुमची कंपनी आमच्यात मिळवा. तुमच्या चालकांच्या सगळ्या फेऱ्या आम्ही आमच्याकडं धरू. महिनाअखेरीला खाम एअरवेज बंद, वेबसाइट बंद.

मला वाटलं हा भांडेल. हा भांडला नाही. म्हणाला, "डेपो बंद पडत असतात, मालक. बरोबर बंद करायचा म्हणजे झालं." डॉक्टरला तर त्यानंच सांगितलं, तू जा, तिकडं तुला मोठी गाडी मिळंल. डॉक्टर गेला.

आणि त्या शेवटच्या आठवड्यात, कंट्रोलर स्वतः दिल्लीहून येत असताना लाइट गेली. खालच्या घरात माझा इन्व्हर्टर होता, त्याची एक वायर मी त्याला वर दिली होती. पण बॅटरी म्हातारी झालेली. थोडा वेळ धरला आणि गेला. विमान भोपाळवर होतं. लाइट आल्यावर त्यानं लिहिलं, 'गाडी भोपाळला नादुरुस्त. प्रवासी भोपाळला.' गाडी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पाण्याची घागर घेऊन जिना चढताना कंट्रोलरचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. मी त्याला उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालताना तो हाडाच्या डॉक्टरला विचारतो, "डाव्या हातानं चालवता येईल का?" डॉक्टर म्हणाला, "काय, स्कूटर?" हा म्हणाला, "एअरबस." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

घरी येऊन त्यानं डाव्या हातानं दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा विमान शेतात गेलं. "रिकामी फेरी होती," तो म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. दातओठ खाऊन परत बसायचा, दांडा धरायचा, आणि बोटं ऐकायची नाहीत.

सोलापूरचा डॉक्टर फोनवर म्हणाला, "सर, मी आणतो ना ती फेरी."

"तू आता दुसऱ्या डेपोचा. आमची गाडी तुला देता येत नाय."

"मग सर, एक बटण दाबा. विमान भोपाळवरून उचलून चिकलठाण्यात उभं करता येतं. एका सेकंदाचं काम."

"आणि माणसं?"

"राहू द्या सर," डॉक्टर म्हणाला. मला त्याचं बरं वाटलं.

मग बंगळूरच्या त्या मोठ्या कंपनीतल्या एका पोराचा फोन आला. कंट्रोलरनं फोन मोठ्या आवाजावर लावला होता, कारण हातात धरता येत नव्हता. पोरगं हिंदीत बोलत होतं, गोड आवाज. "अंकल, सब ट्रान्सफर रेडी है. बस आपका ओके चाहिए. वो भोपाल वाला फ्लाइट हम झीरो कर देंगे."

कंट्रोलर आपल्या इथल्या हिंदीत म्हणाला, "झीरो कैसा करते? लोगां बैठे हैं उधर."

"अंकल, वो लोग नहीं हैं. नंबर है."

"टिकट फाड्या ना हमने? फिर हमारे लोगां हैं वो. वो घर को आए की दूसरे मिनट को लेव कंपनी. उसके पहले नै."

"अंकल, लास्ट डेट परसों है. उसके बाद आपका पूरा रेकॉर्ड जाएगा. आपके पायलट लोगों का भी."

फोन ठेवल्यावर तो खुर्चीत बसून राहिला. परवापर्यंत गाडी आणली नाही तर ती माणसं कायमची भोपाळला, आणि डॉक्टरच्या, मल्याळ्याच्या, मेलेल्या पोस्टमनच्या फेऱ्याही पाण्यात. आणि माणसं तशीच टाकून ओके म्हणायला हा तयार नाही.

मी म्हणालो, "मी आणतो."

मला त्याची दया आली असं कुणी समजू नये. मला त्या पोराचा राग आला होता. मागंच एक बिल्डर माझ्या ओट्यावर बसून म्हणाला होता, काका, तुमचं घर म्हणजे आमच्या नकाशात एक नंबर आहे. त्याला मी चहाही न देता उठवला. नंबर म्हणून कुणी कुणाला पुसायला लागलं की माझं डोकं फिरतं.

कंट्रोलरनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लायसन हाय का?"

"मेंढरं हाकायला लायसन लागत नाय."

"इथं लागतं. परीक्षा द्यावी लागंल."

आणि तिथून पुढं त्यानं मला मालक म्हटलं नाही. चालक म्हटलं. अरे-तुरेवर आला. माझ्या घरात, माझ्या माडीवर! मी सहन केलं. दांडा कसा धरायचा, वेग कुठं बघायचा, चाकं कधी सोडायची, ते दिवसभर शिकवलं. मी तीन ठिकाणी विमान पाडलं. कुठं ते सांगणार नाही. मग संध्याकाळी म्हणाला, "आता आठ काढ."

"काय?"

"आठचा आकडा. पैठणवर जा आणि हवेत आठ काढ. आमच्या डेपोत मैदानात आठ काढल्याशिवाय चालकाला गाडी देत नसतात."

"अवो, विमानाला कोण आठ काढायला लावतं?"

"खाम एअरवेज."

काढला. पहिला चपटा आला, दुसरा बरा. माझी बायको दारात उभी होती, म्हणाली, "पाटीवर कधी नीट आठ काढला नव्हता म्हणं तुम्ही. मास्तर सांगायचे." मी तिला खाली जायला सांगितलं. ती गेली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. लाइट होती. मी चालकाच्या खुर्चीत, तो शेजारी स्टुलावर, गळ्यात प्लास्टरचा हात. बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर. त्यानं भोपाळला विमान उभं केलं, माणसं भरली, म्हणजे तीच माणसं, त्या दिवशीची. डाव्या हातानं चमचा घेतला. टिंग टिंग.

"सोड," तो म्हणाला.

सोडलं. वर गेलं. नर्मदा आली, सातपुडा आला, तापी आली. त्याचं बोट पुढं, माझा हात मागं. मधे त्यानं मला चहा पिऊ दिला नाही. "गाडी चालू असताना चालक खात-पीत नसतो." मग अजिंठ्याचा डोंगर दिसायला लागला आणि माझं डोकं परत फिरलं. त्या डोंगरात मी मेंढरं राखली. त्याचा दगड न् दगड मला माहीत. आणि कॉम्प्युटरमध्ये तो डोंगर हिरवागार! खाली रानं हिरवी, लांब जायकवाडी काठोकाठ भरलेली. बाहेर बघावं तर खिडकीतून गल्लीत रिकाम्या घागरींची रांग.

"हे खोटं हाय," मी म्हणालो. "लई खोटं हाय. कुणी काढलं हे? दुष्काळ दिसत नाय व्हय त्यांना?"

"ते दुरुस्त करायचं आपल्या हातात नाय," कंट्रोलर म्हणाला. "माणसं उतरवायचं तेवढं हाय. पुढं बघ."

मी पुढं बघितलं. धावपट्टी दिसली, खडूच्या रेघेएवढी. चाकं सोडली. आणि पंखा थांबला. खोलीतला, डोक्यावरचा. लाइट गेली.

इन्व्हर्टरनं धरलं आणि खालून त्याचं ओरडणं सुरू झालं, पिक पिक, बॅटरी संपत आल्याचं. विमान चालूच होतं. पण मी उंच होतो. रेघेची पट्टी झाली, पट्टीचा रस्ता झाला, तरी मी उंचच. नाक खाली घातलं तर वेग वाढला.

"वर घे. फिरव परत," कंट्रोलर म्हणाला.

"टाइम नाय! ऐकू येतंय का, बॅटरी चाललीय. मी घुसवतो."

"फिरव."

"परत फिरवलं तर मधेच जाईल सगळं!"

"जाऊ दे मधेच. नादुरुस्त लिहू. अपघात लिहायचा नाय मला. फिरव, चालक."

माझ्या आयुष्यात मी फार कमी लोकांचं ऐकलं आहे. बापाचं ऐकलं नाही, मुकादमाचं ऐकलं नाही. पण तो ओरडला नाही. खिडकीतून माईकवर बोलावं तसं बोलला, सरळ, आणि मला एकदम वाटलं की माझ्या पाठीमागं खरंच भरलेली गाडी आहे, आणि मी तिला खड्ड्यात घालायला निघालो आहे, कशासाठी, तर माझं खरं करण्यासाठी. मी दांडा ओढला. धावपट्टी खालून निघून गेली. विमान माझ्याच घरावरून गेलं असेल.

"धरून ठेवा!" असं ओरडत माझी बायको जिना उतरली. एरवी ती तसं कधी ओरडत नाही. खालून खटाखट बटणांचा आवाज आला. तिनं फ्रीज बंद केला, टीव्ही बंद केला, देवघरातला लाल बल्ब बंद केला, आणि वरती ओरडून म्हणाली, "सगळं बंद केलंय! सगळी लाइट तुम्हालाच. चला आता!"

पिक पिक जरा लांबलं. मग परत सुरू झालं. मी मोठा फेरा घेतला, गंगापूरच्या अंगानं आत आलो. ह्या वेळी नाक वर ठेवलं, वेग कमी केला, पट्टी सरळ पुढ्यात धरली.  कंट्रोलरचा डावा हात माझ्या खांद्यावर होता, पण दाबत नव्हता. चाकं टेकली, उडाली, परत टेकली. मी ब्रेक दाबून धरला. बराच वेळ धरून ठेवला. विमान हळूहळू चालत गेलं आणि इमारतीपुढं उभं राहिलं.

घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता. बायको परत वर आली होती, पदरानं तोंड पुसत होती. कंट्रोलरनं पेल्यावर एकदा चमचा मारला, थांब्याची बेल, आणि कॉम्प्युटरच्या बटणाकडं हात नेला. "बंद करू या," तो म्हणाला. "बॅटरी मरंल सगळी. आता फोन करतो बंगळूरला."

मी त्याचा हात धरला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"दार तर उघडू द्या," मी म्हणालो. "किती दिवसांची भोपाळला बसलेली माणसं. लेकरं असतील, म्हातारी माणसं असतील मागं. उतरू द्या सावकाश."

खाली इन्व्हर्टर ओरडत होता. कंट्रोलरनं हात मागं घेतला, स्टूल जरा जवळ ओढलं, आणि आम्ही तिघंही त्या विमानाच्या दाराकडं बघत बसलो.